पेन्शनर पहारेकऱ्याचे आयुष्य कसे असे? (पश्चिम ऑस्ट्रेलियातील कैद्यांची वसाहत)

कर्वेनगरकर (धागाकर्ता)

सप्रेम नमस्कार.

एका दिवाळी अंकासाठी मी दीर्घकथा लिहावयास घेतली आहे. तिचा नायक कैदी नसून कैद्यांवर पहारा देणारा एक गोरा पेन्शनर शिपाई आहे. काळ्या पाण्याविषयी आपल्याकडे जे लिहिले गेले ते जवळजवळ सगळे कोठडीच्या आतून लिहिले गेले, आणि ज्या शहरात वासुदेव बळवंत फडक्यांवर खटला चालला व जेथील शिक्षेने त्यांना एडनला धाडले, त्या पुण्याच्या वाचकाला दुसरे काही सुचावे अशी अपेक्षाही नाही. गजांच्या बाहेर बंदूक घेऊन उभा असलेला माणूस मात्र आपल्या लेखनात एक गणवेश आणि एक दरडावणारा आवाज एवढाच राहिला. त्याला मिळत काय असे, तो आपखुशीने आला की धाडला गेला, रात्री पहारा उतरल्यावर तो कोणाच्या घरी जात असे, हे आपण फारसे विचारीत नाही.

माझी मुलगी पर्थला असते. तेथे सेंट जॉर्जेस टेरेस या हमरस्त्याच्या टोकाला विटांची एक भली मोठी कमान एकटीच उभी आहे आणि तिच्या मागून महामार्गावरची वाहने धावत असतात. १८६० च्या दशकात निवृत्त शिपायांच्या पेन्शनर दलासाठी बांधलेल्या बराकीचे ते प्रवेशद्वार होय. १९६६ साली बराक पाडली तेव्हा लोकांनी आरडाओरडा केल्यामुळे तेवढे वाचले. ‘पेन्शनरांचे गाव’ म्हणून ज्या गावाची कायम थट्टा झाली, त्या गावचा मी असल्याने पेन्शनरांचीही एक फौज होती हे वाचून तेथून पाय निघेना.

जाणकारांनी कृपया सांगावे: हा मनुष्य सैनिक मानला जाई की तुरुंगाचा नोकर? पेन्शन आणि पगार दोन्ही त्याला एकदम मिळत का? बायकापोरे बरोबर असत का? आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, त्याने तरुणपणी आपल्या पुण्याच्या किंवा खडकीच्या छावणीत काही वर्षे काढली होती असे दाखविले, तर ते ओढूनताणून आणल्यासारखे वाटेल काय?

जुनी_बखर

शेवटच्या प्रश्नापासून आरंभ करतो, कारण तुमची कथा त्यावर अडलेली दिसते. मुळीच ओढूनताणून वाटणार नाही. या दलात राणीच्या पलटणींतून निवृत्त झालेले शिपाई होते तसेच ईस्ट इंडिया कंपनीच्या गोऱ्या पलटणींतलेही होते, आणि मुंबई इलाख्यातल्या गोऱ्या फौजेचा पुण्याला व खडकीला मुक्काम पडणे हे नित्याचेच होते. १८३९ साली गझनीचा किल्ला घेतला गेला त्या मोहिमेत खडकीची ४थी लाइट ड्रॅगून्स होती. कंपनीच्या पहिल्या बॉम्बे युरोपियन फ्युझिलिअर्सनी २ जानेवारी १८४९ रोजी मुलतानचा खुनी बुरूज चढून घेतला. तुमचा नायक यांपैकी कोणत्याही पलटणीतला करा, वाचक तक्रार करणार नाही. तो कंपनीचा केलात तर आणखी एक धागा हाती लागतो. बंगालच्या मीर जाफरने मरताना क्लाइव्हच्या नावे पाच लाख रुपये ठेवले होते, त्यांतून क्लाइव्हने कंपनीच्या जायबंदी गोऱ्या अधिकाऱ्यांसाठी व शिपायांसाठी एक निधी उभारला, आणि पुढे अनेक दशके त्या निधीतून पेन्शने दिली गेली. म्हणजे मुर्शिदाबादच्या नवाबाच्या मृत्युपत्रातील पैसा हिंदी महासागराच्या पलीकडच्या वाळूत, एखाद्या आयरिश शिपायाच्या चुलीपर्यंत पोहोचणे अशक्य नव्हते.

आता वसाहतीविषयी. स्वान नदीवरची ही वसाहत १८२९ साली कैद्यांविना वसली आणि सिडनीकडे व टास्मानियाकडे बोट दाखवून तेथील मंडळी त्याचा तोराही मिरवीत. वीस वर्षांत तो उतरला. जमीन अफाट होती, माणसे जेमतेम पाच-सहा हजार होती, मजूर मिळेना आणि पैसा खेळेना, तेव्हा वसाहतीतल्या वजनदार लोकांनीच लंडनकडे कैद्यांची मागणी केली. १ जून १८५० रोजी ‘सिंडियन’ हे जहाज ७५ कैदी घेऊन फ्रीमँटल बंदरात आले. जानेवारी १८६८ मध्ये आलेले ‘हूगमाँट’ हे शेवटचे. मधल्या काळात सुमारे नऊ हजार सातशे कैदी उतरले आणि ते सगळे पुरुष होते. स्त्री कैदी तेथे पाठविल्याच गेल्या नाहीत.

एवढ्या लोकांवर पहारा कोणी द्यावयाचा? नियमित पलटण पाठवावी, तिला दर काही वर्षांनी बदलावे, तिचा पगार व शिधा चालू ठेवावा, हे सगळे खर्चाचे काम होते. उलट इंग्लंडात आणि आयर्लंडात हजारो निवृत्त शिपाई सरकारी पेन्शन घेऊन बसलेले होते, आणि १८४३ च्या कायद्याने त्यांची नोंदणी करून गरज पडेल तेव्हा त्यांना हत्यारबंद उभे करण्याची सोय आधीच झाली होती. तीच कल्पना समुद्रापार नेली. सरकारने जी रक्कम तसेही द्यावयाचीच होती, तिच्यावर जणू व्याज वसूल करून घेतले.

शिपायाच्या बाजूने हिशेब पाहा. भर नोकरीत सामान्य शिपायाचा रोजचा पगार एक शिलिंग, म्हणजे बारा पेन्स. पेन्शन नोकरीच्या वर्षांवर आणि जखमांवर ठरे व ती दिवसाला साधारण सहा पेन्सपासून एक शिलिंगपर्यंत असे. १८४७ पूर्वी भरती झालेला मनुष्य कागदोपत्री जन्मभरासाठी भरती झालेला असे, आणि एकवीस वर्षे काढल्यावर किंवा शरीर निकामी झाल्यावर त्याची सुटका होई. हा मनुष्य चाळिशीच्या आतबाहेर घरी परततो तेव्हा हातात कोणताही धंदा नसतो, आणि तो आयरिश असेल, तर घर म्हणजे १८४५ पासूनच्या दुष्काळाने ओस पाडलेले एखादे गाव. अशा माणसाला सरकार म्हणते की बायकामुलांसह जहाजाचे भाडे आम्ही देतो, वाटेवर कैद्यांवर पहारा दे, उतरल्यावर पहिले सहा महिने कामाची हमी आमची, पेन्शन चालूच राहील, आणि दहा एकरांपर्यंत जमीन तुझ्या ताब्यात देतो, जी सात वर्षे दलात राहिलास की तुझ्या मालकीची होईल. तो आपखुशीनेच आला, यात शंका नाही. फक्त ती खुशी कोणत्या परिस्थितीतली होती, हे कथेत दिसले पाहिजे.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की तो सैनिकही धड नव्हता आणि तुरुंगाचा नोकरही नव्हता. तुरुंगाच्या आत कोठड्यांच्या किल्ल्या सांभाळणारे वॉर्डर वेगळे असत. पेन्शनरांकडे बाहेरचा सशस्त्र पहारा, कामावर निघालेल्या टोळ्यांची राखण आणि आतल्या मुलखातील ठाणी एवढे असे. काही पेन्शनर पुढे वॉर्डर किंवा पोलीस झाले, ते निराळे. बाकीच्यांना रोज पहारा नसेच. ठरावीक दिवसांची कवायत, हजेरी आणि बोलावणे आले की बंदूक घेऊन उभे राहणे. उरलेल्या दिवशी पोट भरण्यासाठी मोलमजुरी करावी लागे, आणि खरी मेख येथे आहे. ज्या कैद्याची वर्तणूक चांगली असेल त्याला ‘तिकीट ऑफ लीव्ह’ मिळे, म्हणजे शिक्षा संपण्यापूर्वीच बाहेर राहून खाजगी मालकाकडे मजुरी करण्याची परवानगी. अशा माणसांनी मजुरीचा बाजार भरला. ज्याच्यावर काल बंदूक रोखून उभे राहावयाचे, तोच आज त्याच मालकाच्या दारात आपल्यापेक्षा कमी मजुरीवर काम मागत उभा. तुमच्या कथेचे मर्म मला विचाराल तर तुरुंगाच्या भिंतीपाशी कमी आणि या दारात अधिक आहे.

दल १८८० मध्ये मोडले गेले. तोपर्यंत सुमारे बाराशे पेन्शनर तेथे येऊन गेले होते.

सुभेदार_वानवडी

जय हिंद.

इतिहासाचे माझे वाचन बेताचेच आहे, पण हा धागा वाचून राहवले नाही. मी स्वतः पलटणीतून निवृत्त झाल्यावर डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये दुसरी नोकरी केली. हे दल १९४७ पासून आहे आणि त्यात मुख्यतः माझ्यासारखे माजी सैनिकच असतात. आपल्या पुण्यात मेस्को या माजी सैनिकांच्या महामंडळामार्फत किती माजी सैनिक कारखान्यांच्या आणि सरकारी कार्यालयांच्या फाटकांवर उभे आहेत, हे आपण रोज पाहतोच. त्यामुळे पेन्शन घेऊन पुन्हा बंदूक खांद्याला लावणाऱ्या माणसाचे मन मला परके वाटत नाही. त्याला दुसरे काही येत नाही म्हणून तो पहाऱ्यावर आला, असे लोक म्हणतात. माझ्या मते त्याला पहारा उत्तम येतो म्हणून तो येतो. वीस वर्षे शिट्टीवर उठलेल्या माणसाला रिकामी सकाळ सोसत नाही.

कर्वेनगरकर साहेब, पहाऱ्याचे वर्णन करणार असाल तर दोन-चार गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहाऱ्याची पाळी दोन तासांची आणि मधली विश्रांती चार तासांची, हा पलटणींचा जुना शिरस्ता आहे. त्या चार तासांत झोप अशी लागत नाहीच. पट्टा सैल करून, बूट न काढता पडून राहणे असते. आपला नायक पहिल्या वर्षांत आला असेल तर त्याच्याकडे चापाखाली स्फोटक टोपी बसवून उडवावयाची, तोंडाने भरावयाची बंदूक असणार, जिचे वजन साडेचार किलोच्या आसपास भरते. समुद्रावर तिचा चाप आणि नळी रोज पुसावी लागत असणार, कारण खाऱ्या हवेत लोखंड एका रात्रीत तांबूस होते. मी स्वतः किनाऱ्यावरच्या ठाण्यावर होतो तेव्हा तेलाची चिंधी कायम खिशात असे आणि तिचा वास धुतलेल्या कपड्यांनाही सोडीत नसे. तो कैद्यांना सतत दरडावत होता असे दाखवू नये. अनुभवी पहारेकरी बोलत नाही, मोजतो. किती आत गेले, किती बाहेर आले, कोण आज लंगडतो आहे, कोणाच्या अंगावर कालचा सदरा नाही, एवढेच त्याच्या डोक्यात चालू असते.

आणखी एक गोष्ट. आजच्या आमच्या पेन्शनीला कायद्याचे संरक्षण आहे. त्या काळच्या शिपायाची पेन्शन गैरवर्तनाबद्दल बंद होऊ शकत असे, असे मी ऐकले आहे. तसे असेल तर कैदी पळाल्यास पहारेकऱ्याच्या पोटात गोळा येत असणार तो कैद्याच्या भीतीने नव्हे, पेन्शनीच्या भीतीने.

जुनी_बखर

सुभेदार साहेब, आपण ऐकले ते बरोबर आहे. पेन्शन हा दलाच्या अधिकाऱ्यांच्या हातातला लगाम होता. दलाचे प्रमुख जॉन ब्रूस होते, जे पुढे १८६८-६९ मध्ये काही काळ वसाहतीचे हंगामी गव्हर्नरही झाले, आणि त्यांच्या दफ्तराची मोठी डोकेदुखी कैद्यांपेक्षा पेन्शनरांची दारूबाजी हीच असावी असे कधीकधी वाटते.

मृण्मयी_औंध

मी पर्थच्या परिसरात काही वर्षे राहिले आहे, म्हणून जमिनीविषयी लिहिते. येथे बसून ‘दहा एकर’ वाचले की आपल्या डोळ्यांसमोर मुळशीकडची भातखाचरे किंवा निदान बारामतीकडचा ऊस येतो. तेथे तसे काही नाही. किनाऱ्याच्या पट्ट्यात फावडे घातले की पिवळट-करडी वाळू लागते आणि ती किती खोल आहे ते कळत नाही. बादलीभर पाणी ओतले तर ते वर गोळे होऊन घरंगळते आणि खालची वाळू कोरडीच राहते. मी बागेत कोथिंबीर लावण्याचा प्रयत्न केला तेव्हा शेजाऱ्यांनी आधी विकतची माती आणून टाकावयास सांगितले होते. जानेवारीत दुपारपर्यंत भट्टी पेटलेली असते, मग फ्रीमँटलच्या बाजूने समुद्राचा वारा सुटतो आणि माणसे दारे उघडतात. त्या वाऱ्याला तेथील लोक ‘फ्रीमँटल डॉक्टर’ म्हणतात.

अशा वाळूत पेन्शनरांच्या वस्त्या बसविल्या होत्या. नदीकाठी फ्रेशवॉटर बे येथे एक होती, नॉर्थ फ्रीमँटलला होती, आणि पार दक्षिणेकडे आत कोजोनप येथील जुन्या लष्करी बराकीतही पेन्शनर राहिले. फ्रेशवॉटर बे म्हणजे आजचे क्लेअरमाँट. त्या काळी ज्या तुकड्यांवर कुटुंब जगविणे कठीण होते, त्याच नदीकाठच्या तुकड्या आज पर्थमधल्या सर्वांत महागड्या घरांखाली आहेत. ज्या पेन्शनरांनी कंटाळून जमीन सोडली आणि व्हिक्टोरियाकडच्या सोन्याच्या खाणींचा रस्ता धरला, त्यांच्या पणतवंडांनी हे वाचू नये.

बॅसेनडीन येथे एका पेन्शनर पहारेकऱ्याचे घर अजून जपून ठेवले आहे. दोन खोल्या, विटांच्या भिंती, एक चूल. मी आत उभी राहिले तेव्हा मनात हिशेब करीत होते की नवरा-बायको आणि मुले येथे झोपत कशी असतील, आणि आपल्या पेठांतल्या जुन्या वाड्यांमधली बिऱ्हाडे आठवून तो हिशेब सोडून दिला. अशी घरे बांधण्यासाठी कैद्यांची मजुरी वापरली जाई. म्हणजे पहारेकऱ्याच्या डोक्यावरचे छप्पर कैद्याने घातलेले असे, ही गोष्ट तुमच्या कथेत यावयास हरकत नाही.

बायकांविषयी येथे अजून कोणी लिहिले नाही. ‘सिंडियन’वर पेन्शनर व त्यांची बायकामुले यांची संख्या कैद्यांपेक्षा जास्त होती. तीन महिन्यांच्या त्या प्रवासाचे चित्र डोळ्यांसमोर आणा: एका लाकडी पडद्यामागे कैदी, दुसऱ्या बाजूला ओकाऱ्या काढणारी मुले, आणि मधल्या झरोक्यावर बंदूक घेऊन त्यांच्यापैकीच कोणाचा तरी बाप. उतरल्यावर तर आणखीच पंचाईत झाली, कारण कैदी येत आहेत ही बातमी वसाहतीत नीट पोहोचण्यापूर्वीच जहाज दाखल झाले होते. कैद्यांचे प्रमुख अधिकारी कॅप्टन हेंडरसन यांनी बंदरातली एक वखार भाड्याने घेऊन तिचा तुरुंग केला. मोठा दगडी तुरुंग कैद्यांनीच पुढे १८५० च्या दशकात बांधला. वखारीतही ज्यांची सोय झाली नाही, ती कोणाची, हे तुम्हीच ताडावे. कैद्याला ठेवणे सरकारला भाग होते, पहारेकऱ्याच्या बायकोला ठेवणे भाग नव्हते.

पुढे जेथे नऊ हजारांवर पुरुष कैदी उतरले आणि स्त्री कैदी एकही नाही, तेथे पेन्शनराच्या वयात आलेल्या मुलीची काय स्थिती होत असेल, याचाही विचार करावा. बापाने आयुष्यभर ज्यांच्यावर पहारा केला, त्यांच्यापैकी सुटलेला एखादा उद्या जावई म्हणून दारात येणे तेथे नवलाचे नव्हते.

आणि एक गोष्ट जाता जाता नव्हे, मुद्दाम लिहिते. ही जमीन तेथील मूळ रहिवासी नूंगार लोकांची होती. सरकारने पेन्शनराला जी दहा एकरे दिली ती त्यांच्याकडून घेतलेली होती, आणि त्याच समुद्रात समोर दिसणाऱ्या रॉटनेस्ट बेटावर १८३८ पासून मूळ रहिवाशांसाठी वेगळा तुरुंग चालू होता. पहारेकऱ्याच्या हलाखीवर लिहिताना ते बेट क्षितिजावर ठेवावे, एवढी विनंती.

तिरकस_सदाशिव

सर्वांचे प्रतिसाद माहितीपूर्ण आहेत, मात्र या धाग्याचा कल पहारेकऱ्याविषयी अश्रू ढाळण्याकडे चालला आहे असे मला वाटते. तो गरीब होता हे मान्य. पण कैद्याच्या पाठीवर फटके पडत होते आणि याच्या पाठीवर नव्हते. कैद्याच्या पायांत बेड्या पडू शकत होत्या आणि हा रविवारी बायकोचा हात धरून चर्चला जाऊ शकत होता. अंदमानात डेव्हिड बारी हाही आयरिशच होता आणि त्याच्या जातीचा इतिहास दुःखाचा होता म्हणून सेल्युलर जेलमधल्या राजबंद्यांचा कोलू हलका झाला नाही. दुःख भोगलेला मनुष्य दुसऱ्याला कमी दुःख देतो, हा कथालेखकांचा लाडका समज आहे.

कर्वेनगरकर, तुम्हाला खरोखर पेच हवा असेल तर १८६८ कडे या. ‘हूगमाँट’वर २८० कैद्यांमध्ये ६२ फेनियन होते, म्हणजे आयर्लंडच्या स्वातंत्र्यासाठी कट केल्याबद्दल शिक्षा झालेले. त्यांतले १७ जण ब्रिटिश सैन्यातले शिपाई होते. म्हणजे बंदुकीच्या एका टोकाला आयरिश शिपाई आणि दुसऱ्या टोकालाही आयरिश शिपाई; एकाने राणीचे मीठ खाऊन पेन्शन घेतली, दुसऱ्याने तेच मीठ खाऊन बंड केले. पुढे बिगरलष्करी फेनियनांपैकी बहुतेकांना माफी मिळाली आणि लष्करी फेनियन मात्र तेथेच ठेवले गेले, कारण शिपायाची फितुरी सरकार विसरत नाही. ज्या पहारेकऱ्याने स्वतः इमानाची शपथ घेतली होती, त्याला हे कसे वाटले असेल, हे दाखवा. त्याची चूल आणि त्याची वाळू दोन परिच्छेदांत आटपली तरी चालेल.

मृण्मयी_औंध

तिरकस, चूल दोन परिच्छेदांत आटपावी हे म्हणणे चूल न पेटविणाऱ्याचेच असू शकते. बाकी मुद्दा मान्य.

कर्वेनगरकर (धागाकर्ता)

सर्वांचा अत्यंत आभारी आहे. विशेषतः जुनी_बखर यांनी सांगितलेली मालकाच्या दारातली भेट आणि मृण्मयीताईंची वखारीबाहेरची बायको या दोन्ही गोष्टी कथेत येतील. तिरकस यांच्या सूचनेने मात्र माझी झोप उडाली आहे, कारण माझा नायक खडकीच्या छावणीतून निघून मुलतानला जखमी झालेला दाखवावा असे मी ठरवीत आलो होतो आणि आता १८६८ चे फेनियनही सोडवत नाहीत. एकाच माणसाच्या आयुष्यात हे सगळे बसेल का? की वय हाताबाहेर जाईल?

जुनी_बखर

सहज बसेल, उलट थोडी जागा उरेल. वर्षे मांडून पाहू. नायक १८२० चा धरा. अठराव्या वर्षी, १८३८ मध्ये, तो कंपनीच्या फ्युझिलिअर्समध्ये भरती झाला; अकरा वर्षांनी मुलतानच्या बुरुजावर जखमी झाला तेव्हा तो २९ वर्षांचा. एकवीस वर्षे पुरी न होता जखमेमुळे सुटला, म्हणून त्याची पेन्शन मोठी नाही, आणि तेच तर त्याला जहाजावर चढवील. १८५० च्या दशकाच्या आरंभी तो फ्रीमँटलला उतरतो तेव्हा तिशीच्या पुढे असतो, जे या दलाच्या मानाने तरुणच म्हणावे लागेल. ‘हूगमाँट’ येते तेव्हा तो ४८ वर्षांचा आहे, जमीन त्याच्या नावावर झालेली आहे आणि मुले हाताशी आली आहेत.

पण मी तुमच्या जागी असतो तर १८६८ वर थांबलो नसतो. १८७० पर्यंत ब्रिटिश पलटणी ऑस्ट्रेलियातून निघून गेल्या होत्या, त्यामुळे वसाहतीत हत्यार धरलेले सरकारी शिपाई म्हणजे मुख्यतः हे म्हातारे होऊ घातलेले पेन्शनरच उरले. १७ एप्रिल १८७६ रोजी, ईस्टरच्या सोमवारी, पर्थला नौकांच्या शर्यतीची सुटी असताना, सहा फेनियन कामाच्या टोळ्यांतून निसटले, घोडागाड्यांतून रॉकिंगहॅमच्या किनाऱ्यावर गेले आणि अमेरिकेतून त्यांच्याचसाठी आलेल्या ‘कॅटल्पा’ या देवमासे मारणाऱ्या जहाजाची होडी त्यांनी गाठली. सहाही जण पूर्वीचे ब्रिटिश शिपाई होते. सरकारने ‘जॉर्जेट’ ही आगबोट मागे सोडली. तिच्यावर जलपोलीस होते आणि हे पेन्शनर होते. पहिल्या फेरीत कैद्यांची होडी समुद्रातच कोठेतरी होती, आगबोटीला ती सापडली नाही आणि कोळसा कमी पडल्याने तिला बंदरात परतावे लागले. तेवढ्यात होडी जहाजाला लागली. १९ एप्रिलला ‘जॉर्जेट’ तोफ चढवून पुन्हा गेली, ‘कॅटल्पा’च्या पुढून एक गोळा सोडला, आणि कप्तान अँथनी याने वर फडकणाऱ्या अमेरिकी निशाणाकडे बोट दाखविले. खुल्या समुद्रात त्या निशाणावर गोळा टाकण्याचे धाडस कोणी केले नाही व आगबोट रिकाम्या हाताने परतली.

तुमचा नायक त्या दिवशी ५६ वर्षांचा आहे, ‘जॉर्जेट’च्या डेकवर उभा आहे आणि समोरच्या जहाजाच्या कठड्याशी आलेली माणसे तो आठ वर्षे मोजीत आला आहे. तोफेच्या हुकमाची वाट पाहत असताना त्याच्या मनात काय होते, हे कोणत्याही दफ्तरात मिळणार नाही, ते तुम्हालाच लिहावे लागेल. राणीच्या पलटणींतल्या पेन्शनरांच्या सुटकेच्या कागदांचे गठ्ठे लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात ‘डब्ल्यूओ ९७’ या क्रमांकाखाली आहेत. त्यांत माणसाची उंची, डोळ्यांचा रंग, जखमा, वर्तणूक आणि जन्मगाव लिहिलेले असते. नायकाला नाव-रूप देण्यापूर्वी त्यांतले काही कागद पाहून घ्यावेत. आणि पुण्यातच काही हवे असेल तर लष्कर भागातल्या सेंट मेरीज चर्चमध्ये भिंतींवरच्या स्मृतिशिला वाचून या. चर्च १८२५ चे आहे, तुमचा नायक छावणीत असताना रविवारी तेथे गेला होता असे लिहिण्यास काहीच आडकाठी नाही.

सुभेदार_वानवडी

५६ वर्षांच्या माणसाला हलत्या डेकवर उभे करणार असाल तर त्याचा जखमी पाय कोणता, हे पहिल्या पानावरच ठरवून ठेवा. बोट कलली की तो कोणत्या बाजूने कठडा धरतो ते शेवटपर्यंत बदलता कामा नये. आमच्यासारखे वाचक तेवढेच पाहतात.